घरी राइट केलेली डीव्हीडी सगळ्यांच्या प्लेअरवर चालावी म्हणून

जुळे सोलापुरातल्या लॅपटॉपवर झकास चाललेली लग्नाची डीव्हीडी अक्कलकोटला मामांकडे ‘नो डिस्क’ दाखवते, बार्शीला आत्याकडे जेवणावळीपर्यंत येऊन अडकते आणि पुण्यातल्या भाच्याकडे चित्र उड्या मारतं. डिस्क तीच, राइट करणारा तोच. मग दोष प्लेअरवर टाकून आपण मोकळे होतो. पण डिस्क कुठे चालणार आणि कुठे नाही, हे बरंचसं ती राइट होण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून डिस्क आपल्या कॉम्प्युटरसाठी बनवायचीच नाही. ती बनवायची नात्यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कुरकुऱ्या प्लेअरसाठी. त्याने ती निमूटपणे वाचली, तर बाकीचे सहसा कुरकूर करत नाहीत.

लग्नाचं शूटिंग हल्ली पेनड्राइव्हवर मिळतं, मग डीव्हीडी कशाला, असं कोणी विचारेल. ज्यांच्याकडे अजून डब्बा टीव्ही आहे, आणि ट्रे उघडला, डिस्क ठेवली, ‘प्ले’ दाबलं एवढंच ज्यांना हवं आहे, त्यांच्यासाठी. घरात असं एक तरी माणूस असतंच.

पायरी १ : कोरी डिस्क निवडा

दुकानात तीन प्रकार दिसतील: डीव्हीडी मायनस आर, डीव्हीडी प्लस आर आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू. पैसे वाचतात म्हणून आरडब्ल्यू वाटायला घेऊ नका. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरून लेझरचा ४५ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत येतो, आरडब्ल्यूवरून १८ ते ३० टक्केच. एवढा कमी उजेड दोन थरांच्या डिस्कवरून येतो, म्हणून जुना प्लेअर आरडब्ल्यूला दोन थरांची समजून गोंधळतो. ८.५ जीबीची दोन थरांची कोरी डिस्कही टाळा. महाग पडते, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर तिथेच गचके खातात. शूटिंग मोठं असेल तर साध्या दोन डिस्क करा.

राहिले मायनस आणि प्लस. मायनस आर आधीची, १९९७ ची. प्लस आर २००२ च्या सुमारास आली. त्यामुळे फार जुन्या प्लेअरला मायनस ओळखीची असते. प्लसला मात्र एक सोय आहे. काही रायटर तिच्यावर ‘मी डीव्हीडी-रॉम आहे’ अशी खूण लिहू शकतात. तिला बुकटाइप म्हणतात. ही खूण दिसली की प्लेअर तिला कंपनीत छापलेली डिस्क समजून चालवायला घेतो. तुमच्या रायटरला हे जमत असेल तर प्लस आर घ्या, नसेल तर डोळे मिटून मायनस आर. कोऱ्या मायनसवर ही खूण बदलता येत नाही.

नवी पेठेत काय किंवा ऑनलाइन काय, बिननावाची खुली डिस्क घेऊ नका. नावाच्या बाबतीतही एक मेख आहे: एकाच ब्रँडच्या डिस्क वेगवेगळ्या कारखान्यांत बनतात. डिस्क रायटरमध्ये घालून इमगबर्न हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं, की उजव्या बाजूला डिस्कची माहिती येते. तिथे बनवणाऱ्याचा कोड दिसतो. ज्या कोडच्या डिस्क तुमच्या रायटरवर नीट उतरल्या, तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी वेष्टनापेक्षा त्या कोडवर विश्वास ठेवा.

पायरी २ : व्हिडिओ डीव्हीडीच्या मापात आणा

सर्वांत जास्त डिस्क इथे फसतात. मोबाइलमधली एमपी४ फाइल तशीच ओढून डिस्कवर टाकली तर ती डेटा डिस्क होते. लॅपटॉपला फरक पडत नाही. जुन्या प्लेअरला त्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त डीव्हीडी-व्हिडिओची ठरलेली भाषा येते: एमपेग-२ चित्र, पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ किंवा एएसी आवाज ठेवलात तर चित्र येईल, पण सनई ऐकू येणार नाही.

आता बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्र-आवाजाला लागणारा डेटा. नियमाप्रमाणे चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत आणि आवाजासकट सगळ्याला १०.०८ पर्यंत जाता येतं. पण साध्या गतीने फिरणारा प्लेअर सेकंदाला ११ मेगाबिटच्या आसपासच वाचतो. म्हणजे कडेपर्यंत भरलेल्या बिटरेटवर एखादा भाग पुन्हा वाचायची वेळ आली, तर त्याच्याकडे सवडच नाही. कंपनीत छापलेल्या डिस्कला हे चालून जातं, घरच्या डिस्कवर पुन्हा वाचायची वेळ हटकून येते. म्हणून कमाल मर्यादा ८ वरच थांबवा. एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलायचं फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात पाल-डीव्हीडीचं तयार माप आहे, पण त्याची कमाल मर्यादा ९ असते. ती हाताने खाली आणा.

सरासरी किती ठेवायची हे लांबीवर ठरतं. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून त्याला ती ४.३८ दिसते. मी ४.२ च्या पुढे जात नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि खोट निघते ती बहुतेक बाहेरच्या कडेला. ‘शेवटची दहा मिनिटं अडकतात’ या तक्रारीचं मूळ तिथेच असतं. डिस्क उजेडात तिरकी धरा: लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगांत थोडा फरक असतो आणि मधली गोल रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ कडेपासून थोडी आत हवी. या हिशेबाने दीड तासाच्या शूटिंगला आवाज धरून सेकंदाला साधारण ६.५ मेगाबिट मिळतात, दोन तासांना ५, तीन तासांना ३.३. तीन तास एका डिस्कवर कोंबले की हळदीच्या गर्दीत सगळ्यांच्या तोंडावर चौकोन दिसतात. हळद-लग्न एक, वरात-रिसेप्शन दुसरी, अशी वाटणी करा.

मोबाइलचं शूटिंग असेल तर आणखी एक काम आहे. बरेच फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत शूट करतात. तसंच बदलायला गेलात तर अर्ध्या तासाने मंगलाष्टका आधी आणि ओठ नंतर हलतात. आधी फाइल एकसारख्या फ्रेम रेटवर आणा, मगच डीव्हीडीसाठी बदला.

जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरून घेतलेल्या शूटिंगमध्ये दुखणं वेगळं. त्यात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनते. डीव्हीमध्ये खालचं अर्धं आधी येतं, नंतरच्या एचडी हँडीकॅममध्ये वरचं. हा क्रम उलटा झाला की स्थिर चित्र ठीक दिसतं, हालचाल मात्र थरथरते. तपासायला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचं शूटिंग उत्तम. नंदीध्वजाची उंच काठी पडद्यावर आडवी सरकते तेव्हा बघा. ती पुढे-मागे, पुढे-मागे करत गेली, तर सॉफ्टवेअरमध्ये ‘फील्ड ऑर्डर’ बदला. लॅपटॉपवर हा दोष बऱ्याचदा लपतो, डब्बा टीव्हीवर ताबडतोब दिसतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी वेगळी डिस्क करा. तिकडे एनटीएससी पद्धत, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम, आणि तिकडचे बरेच प्लेअर पाल चालवत नाहीत. रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालावी याची खूण, मात्र कुठलाच लावू नका, सगळे मोकळे ठेवा.

पायरी ३ : डीव्हीडीचा सांगाडा तयार करा

डीव्हीडी स्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर तयार व्हिडिओपासून ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर बनवून देतं. आत आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा फाइली असतात; त्यांची नावं बदलू नका, मराठीत तर नकोच. शेजारी ‘ऑडिओ_टीएस’ हा रिकामा फोल्डर दिसला तर तोही राहू द्या, काही जुने प्लेअर तो नसेल तर रुसतात. मेनू साधा, किंवा नकोच. डिस्क घातली की थेट सुरू होणारी डीव्हीडी म्हाताऱ्या माणसांना सोयीची. मेनू ठेवलाच, तर अक्षरं कडेपासून आत घ्या, डब्बा टीव्ही चारही कडा कापतो. दर पाच-सात मिनिटांनी चॅप्टर टाका.

पायरी ४ : राइट करा

हा फोल्डर इमगबर्नमध्ये घाला, तो डीव्हीडी-व्हिडिओ आहे हे ते स्वतःच ओळखतं. लिनक्सवाल्यांनी केथ्रीबी (K3b) हे सॉफ्टवेअर वापरावं. वेग ‘मॅक्स’वर सोडू नका. तो एक्समध्ये मोजतात: १एक्स म्हणजे साध्या गतीइतका, ८एक्स म्हणजे त्याच्या आठपट. १६एक्सच्या डिस्कला ८एक्स बरा, लॅपटॉपच्या बाहेरच्या बारीक रायटरला ४ किंवा ६. पण जितकं हळू तितकं चांगलं, हाही गैरसमजच. आजच्या डिस्कचा रंगथर जास्त वेगासाठी बनवलेला असतो, १एक्सवर तो बिघडू शकतो. पूर्ण भरलेल्या डिस्कला ४एक्सवर साधारण १५ मिनिटं लागतात, ८एक्सवर आठ-दहा. तेवढा वेळ कॉम्प्युटरला दुसरं काम देऊ नका.

बाहेरचा रायटर हबमध्ये नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. वीज कमी पडली की तो मध्येच दम टाकतो. आणि लाईट जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून लॅपटॉप चार्ज ठेवा किंवा यूपीएसवर काम करा.

डिस्क फायनलाइझ, म्हणजे लिहून कायमची बंद, झालीच पाहिजे. ‘नंतर आणखी काही टाकू’ म्हणून उघडी ठेवलेली डिस्क तुमच्याच रायटरला दिसते, बाकीच्यांना ती कोरीच वाटते. राइट सुरू करण्याआधी ‘व्हेरिफाय’वर टिक करा, म्हणजे लिहून झाल्यावर रायटर डिस्क वाचून तपासतो.

नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी लेबल डिस्कवर चिकटवण्याचा मोह टाळा. कागद एका बाजूला जड होतो, उन्हाळ्यात आकसतो आणि फिरताना डिस्क थरथरते. सीडी-डीव्हीडीवर लिहायचा मार्कर मिळतो, त्याने नाव आणि तारीख लिहा. फोटो कव्हरवर छापा.

पायरी ५ : कुरकुऱ्या प्लेअरवर चाचणी

व्हेरिफाय झालं म्हणजे तुमच्या रायटरला डिस्क वाचता आली, एवढंच. दहा कॉप्या काढण्याआधी पहिली घेऊन शेजारपाजारचा एखादा जुना प्लेअर गाठा. अख्खी बघत बसू नका. सुरुवात, मग शेवटचा चॅप्टर, मग मध्ये कुठेतरी फास्ट फॉरवर्ड करून एकदम प्ले. शेवटचा चॅप्टर न अडकता गेला, की बाकीच्या काढा.

जपणूक

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून वर जातो. डिस्कमधला रंगथर उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो. माळा आणि गाडीचा डॅशबोर्ड सोडून घरातलं थंड, अंधारं कपाट निवडा आणि डिस्क डबीत उभी ठेवा. पुसायची वेळ आली तर चष्म्याचं फडकं घ्या, मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आपला सोलापुरी टॉवेल अंगाला कितीही चांगला असला तरी इथे त्याचं काम नाही. मूळ फाइल हार्ड डिस्कवर असू द्याच.

तक्रारीचा फोन आला तर

आधी विचारा, दुकानातून आणलेली सिनेमाची डिस्क त्या प्लेअरवर चालते का. तीही अडकत असेल तर लेन्स मळलेली किंवा लेझर थकलेला आहे, तुमची डिस्क सोडून द्या. सिनेमा चालतो आणि तुमची डिस्क ‘नो डिस्क’ दाखवते, तर ती फायनलाइझ झाली का आणि कोणत्या प्रकारची आहे ते बघा. प्लस असेल तर मायनसवर काढून पाठवा. दर वेळी एकाच जागी अडकत असेल तर ओरखडा किंवा तिथे उसळलेला बिटरेट. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर बहुधा प्लेअरच. चित्र आहे पण आवाज नाही, तर ऑडिओ एसी-३ मध्ये बदला. चित्र काळं-पांढरं येतंय किंवा वर सरकतंय, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीची पद्धत पाल करायला सांगा. पुष्कळदा घरातल्या लहान मुलाच्या हातून ते बटण दाबलं गेलेलं असतं.