ग्रामपंचायतीला उभं राहताय? आधी यादी घेऊन बसा

फ्लेक्ससाठी फोटो काढायच्या आधी प्रभागाची मतदार यादी आणा. आमच्या खानापूर तालुक्यात सगळं तिच्यावर फिरतं. घरटी एखादा गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला दिल्ली नाहीतर केरळात. नाव तेवढं इथं.

ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळं तिथं नसलेलं नाव ऐनवेळी घालता येत नाही. पण शेजारच्या प्रभागात गेलेलं घर प्रारूप यादीवर हरकत घेऊन परत आणता येतं. मुदत थोडी असते, तहसीलला जायचा कंटाळा नको.

मग वाचन. आमच्याकडं माझ्या सासूबाई बसायच्या. कुठली लेक सासरी गेली, कोण वारलं, कुणाचं कुणाशी बांधावरून वाजलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. प्रत्येक नावापुढं खूण करा: आपलं, त्यांचं, तळ्यात-मळ्यात, बाहेरगावी. बाहेरगावच्याला उमेदवारानं फोन करू नये, भावकीतल्यानं करावा. "दादा, मतदानाला येताय न्हवं?" एवढं पुरतं. तिकिटाचे पैसे द्यायचे नाहीत. ती लाच झाली; शिवाय एकाला दिले की दुसरा रुसतो.

इथं पक्षाचं चिन्ह नसतं. तीन जागांच्या प्रभागात एकाच पॅनेलच्या तिघांना तीन चिन्हं मिळतात, वर थेट सरपंचाचं वेगळं, म्हणजे माणसाला चार बटणं दाबायची. म्हाताऱ्या एक दाबून बाहेर येतात. म्हणून नमुना मतपत्रिका घेऊन घरोघरी बसा, बोट ठेवून दाखवा. एका सभेपेक्षा याचा उपयोग जास्त. आणि हे काम उमेदवार बाईनं स्वतः करावं. निम्म्या जागा बायकांच्या, तरी पत्रकावर नवऱ्याचा फोटो मोठा, ही तऱ्हा पुरे झाली.

अर्जाचं थोडक्यात: वय २१ पूर्ण, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नको, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं चालत नाही, राखीव जागेला जातवैधतेची कागदं लागतात. छाननीला विरोधक हेच उकरतात.

खर्च रोजच्या रोज लिहा, चहाचं बिलसुद्धा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. पडलेले तिकडं फिरकतच नाहीत, आणि मग अपात्रतेची नोटीस येते.