थंडीत शेळ्या व्यायला आल्यात? करडाचा पहिला दिवस सांभाळा

थंडी पडली की करडं दगावायचं प्रमाण वाढतं आणि बरेच जण लगेच म्हणतात काहीतरी रोग आलाय. पण पहिल्या दोन-तीन दिवसात जी करडं जातात त्यातली बरीचशी रोगाने नाही, गारठ्याने आणि उपाशीपोटी जातात. गार पडलेलं करडू उठत नाही, उठत नाही म्हणून लुचत नाही, लुचत नाही म्हणून अंगात ऊब तयार होत नाही, आणि असं करत करत काही तासात ते मान टाकतं. जन्मतः त्याच्याकडे चरबीचा साठा अगदी थोडा असतो आणि ओल्या अंगाने तो भराभर संपतो. म्हणून औषधांच्या बाटल्या नंतर, आधी ऊब आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

शेळी साधारण 150 दिवसांनी विते, पाच दिवस इकडेतिकडे. बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली असेल तर 145व्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं, नाहीतर मग पहाटे गोठ्यात गेल्यावर करडू ओलंच पडलेलं दिसतं. कास ताठ झाली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले, शेळी कळपातून बाजूला होऊन पायाने जमीन उकरायला लागली की तिला वेगळ्या कप्प्यात घ्या. पाच बाय पाच फुटांची जागा पुरते, पण खाली कोरडं गवत किंवा पेंढा चांगला जाड पसरा, इतका की करडू बसलं की पाय त्यात बुडाले पाहिजेत. जुने टॉवेल, टिंक्चर आयोडीन, स्वच्छ कात्री, साधा डिजिटल थर्मामीटर आणि निप्पलची बाटली आधीच एका डब्यात भरून ठेवा, ऐन वेळी रात्री शोधाशोध नको. शेळी जोर लावतेय आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी काहीच पुढे सरकत नाही तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

करडू बाहेर आलं की आधी नाका-तोंडातला चिकटा बोटाने काढा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी हलकेच फिरवा, शिंक आली की काम झालं, सोबत टॉवेलने छाती जोरात चोळा. श्वास सुरू झाला की त्याला आईच्या तोंडापुढे ठेवा. ती चाटते तेव्हा करडू कोरडंही होतं आणि दोघांना एकमेकांचा वासही कळतो, ही ओळख त्याच वेळी पटते, म्हणून घाई करून करडू आईपासून लांब नेऊ नका. पण थंडी जास्त असेल तर आईच्या चाटण्यावरच भरवसा ठेवू नका, तुम्हीही टॉवेलने पुसा, विशेषतः कान आणि पाय, हेच भाग आधी गार पडतात. आणि करडाला अंघोळ घालायची नाही, किती का माखलेलं असेना.

नाळ लांब लोंबत असेल तर दोन-तीन इंच ठेवून कापा आणि आयोडीनमध्ये बुडवा. बुडवा म्हणजे खरंच बुडवा, छोट्या झाकणात किंवा कपात आयोडीन घ्यायचं, पोटाला लावून धरायचं आणि करडाला जरा उभं करायचं म्हणजे नाळ मुळापर्यंत भिजते. कापसाने वरवर पुसून आतलं भोक तसंच राहतं. तिथून जंतू आत शिरले की आठ-पंधरा दिवसांनी गुडघे सुजतात, करडू लंगडायला लागतं आणि तोवर कुणाला नाळेची आठवणही नसते.

आता चीक. शेळीच्या पोटात असताना करडाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून मिळते. आणि चिकातली ही शक्ती आतड्यातून रक्तात जायचा रस्ता फक्त थोडा वेळ उघडा असतो, पहिल्या सहा तासात सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर झपाट्याने कमी, आणि एक दिवस झाला की जवळपास बंद. म्हणजे दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल पण रोगापासूनचं ते संरक्षण मिळणार नाही. म्हणून पहिल्या तासाभरात पहिला घोट पोटात गेलाच पाहिजे, आणि चोवीस तासात वजनाच्या दहा टक्के तरी, म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिली, थोडा थोडा करून.

करडू कासेला ढुशी मारतंय म्हणजे ते पितंय असं धरून चालू नका. सडाच्या तोंडाला मेणासारखी गुठळी असते, ती अडकली तर करडू ओढून ओढून दमतं आणि हाती काही लागत नाही, त्यामुळे दोन्ही सडांतून आधी दोन-तीन धारा पिळून बघा. चीक जाड, पिवळसर आला पाहिजे. पाणी-पाणी, रक्ताळलेला किंवा गुठळ्यांचा आला, कास एका बाजूने गरम आणि कडक लागली तर तो पाजू नका, दुसऱ्या शेळीचा घ्या. जास्त दूध असलेल्या निरोगी शेळीचा चीक स्वच्छ छोट्या बाटल्यांत भरून डीप फ्रीजला ठेवला तर अशा वेळी सोन्यासारखा उपयोगी पडतो. वितळवताना मात्र हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात बाटली ठेवा, गॅसवर उकळलात तर त्यातली शक्ती मरते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. दर दोन-तीन तासांनी करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घाला. तोंड गरम आणि बोट जोरात ओढलं तर करडू ठीक आहे. तोंड कोमट आणि ओढ कमी तर अंग पुसून लगेच पाजा. तोंड आतून गार लागलं आणि बोट ओढतच नाही, तर थांबा. अशा करडाला बाटलीने दूध ओतायचं नाही, गार पडलेल्या करडाला नीट गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात जातं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. कळकळीने सांगतो, आधी ऊब, मग दूध, हा क्रम उलटा करू नका.

थर्मामीटर शेपटीखाली गुदद्वारात हलकेच घाला. 38.5 ते 40 सेल्सिअस म्हणजे सगळं नीट. 37च्या खाली गेलं म्हणजे धोका. करडू नुकतंच जन्मलेलं असेल तर कोरडं करून खोक्यात ठेवा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावा, थोड्या थोड्या वेळाने कूस बदला. खूपच गार असेल तर मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डोकं बाहेर धरून, 40 अंशांच्या आसपासच्या पाण्यात धरता येतं, पिशवीमुळे अंग भिजत नाही आणि आईला ओळखीचा वासही राहतो. पण करडू पाच-सहा तासांपेक्षा मोठं असेल आणि गार पडलेलं असेल तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते, नुसती ऊब दिली तर झटके येऊन जाऊ शकतं. त्याला आधी ग्लुकोज लागतं आणि ते इंजेक्शनने डॉक्टरांनीच द्यावं. अंग 38च्या जवळ आलं, मान उचलायला लागलं, बोट ओढायला लागलं की मग कोमट चीक. अजूनही ओढत नसेल तर नळीने पाजावं लागतं, ते आधीच डॉक्टरांकडून हातात धरून शिकून घ्या.

बल्ब लावत असाल तर तो लोंबत्या वायरवर नको, पक्का बांधा, खाली सुका पेंढा असतो आणि शेळ्या उड्या मारतात, आग लागायला वेळ लागत नाही.

जुळी-तिळी असतील तर सगळ्यात बारक्याकडे बघा, मोठी भावंडं त्याला ढकलून देतात. पोट हाताने चाचपा, भरलेलं करडू पोटाला भरीव लागतं आणि बसून उठलं की आळस देतं, उपाशी करडू कमरेत वाकून, पाठ काढून उभं राहतं आणि ओरडत असतं. आठवडाभर रोज वजन करा, वजन वाढलं नाही तर दूध कमी पडतंय. बाटलीने पाजायचं तर करडू उभं असू दे, मान नेहमीच्या उंचीला, दूध अंगाएवढं कोमट, आणि पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. एकदम भरपूर पाजलं की हगवण लागलीच समजा.

थंडीत गोठा पोत्यांनी पूर्ण बंद करायची सवय चुकीची आहे. वारा करडाच्या अंगावर यायला नको, पण वरून हवा खेळली पाहिजे. गुडघ्यावर बसा, करडाच्या नाकाच्या उंचीला तोंड न्या आणि श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर तिथे मुताचा वास कोंडलाय, उभं राहून तो कळत नाही. त्याच हवेत करडू दिवसरात्र झोपतं आणि मग न्यूमोनिया होतो.

पहिली शी काळी आणि चिकट असते, मग पिवळी होते. ती शेपटीखाली वाळून बसली तर जागा बंद होते, कोमट पाण्याने सोडवून पुसून घ्या. पातळ हगवण लागली तर दूध एकदम तोडू नका, मधल्या वेळेत ओआरएस द्या, आणि करडू सुस्त झालं, डोळे खोल गेले तर त्याच दिवशी डॉक्टर. तीन आठवड्यांनंतर रक्ताची हगवण दिसली तर बहुतेक कॉक्सिडिया (आतड्यात वाढणारा बारीक परजीवी) असतो, त्याला शेण तपासून वेगळं औषध लागतं, घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊन दिवस घालवू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून करडं कोवळा चारा चघळायला लागतात, स्वच्छ पाणी आणि मूठभर खुराक त्यांच्यासाठी वेगळा ठेवा, मोठ्या शेळ्यांना शिरता येणार नाही असा. ज्या शेळ्या अजून व्यायच्या आहेत त्यांना आंत्रविषार (आतड्यात जंतूंचं विष होऊन येणारा रोग) आणि धनुर्वाताची लस व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी मिळाली तर तिचं संरक्षण चिकातून करडालाही मिळतं, तेव्हा तारखा आजच मोजा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.