प्रजनक माशांचं उन्हाळी खाद्य: पेंड-कोंड्याला जवसाची जोड द्या

जुलैत जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकती निघालेली माशांची पिल्लं, मेलं की दोष पाण्याला, माशांना अंडी सोडण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनला नाहीतर नशिबाला दिला जातो. कारण मात्र पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चच्या खाद्यात असतं. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांच्या माद्यांची अंडी उन्हाळाभर भरत असतात. मादी जे खाते त्यातल्या मेदापासून तिचं यकृत बलकाचा माल तयार करतं. अंडं 14 ते 18 तासांत फुटतं आणि बाहेर आलेलं पिल्लू पुढचे साधारण तीन दिवस त्या बलकावरच जगतं. बलकात जे नाही, ते त्याला कुठूनच मिळत नाही. म्हणून प्रजनक मासे, म्हणजे ज्यांच्यापासून पिल्लं घ्यायची ते नर-मादी, फेब्रुवारी-मार्चमध्येच वेगळ्या तळ्यात घ्या. हेक्टरी दीड ते दोन टनांपेक्षा जास्त वजन नको. पावसाच्या तोंडावर पंधरा दिवस भरपूर खाऊ घालून ही कसर भरून निघत नाही.

आपल्याकडचं नेहमीचं खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. त्यातून ओमेगा-6 मेदाम्लं (मेदाचे घटक) मुबलक मिळतात आणि तीही लागतातच, कारण अंडी सुटण्याच्या वेळी काम करणारी द्रव्यं शरीर त्यांच्यापासूनच बनवतं. पण ओमेगा-3 या दोन्हींत नावापुरतंच असतं. पिल्लाचा मेंदू आणि डोळे घडायला डीएचए हे ओमेगा-3 मेदाम्ल लागतं. ज्याला नीट दिसत नाही, त्या पिल्लाला पहिला घास टिपता येत नाही. तेल काढलेला कोंडा वापरत असाल तर उणीव आणखी वाढते.

यावर आपल्या हाताशी असलेला उपाय म्हणजे जवस. विदर्भात तर ते घरचंच पीक. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 मेदाम्ल असतं आणि कार्प मासे त्यातून थोडंफार डीएचए स्वतः बनवू शकतात. समुद्री माशांना हे नीट जमत नाही, खाडीतल्या जिताड्याच्या पिल्लांनाही डीएचए तयारच द्यावं लागतं. 100 किलो खाद्याला 2 किलो जवसाचं तेल घ्या, म्हणजे जवळपास किलोभर लिनोलेनिक आम्ल पोचतं. सोबत अर्धा किलो चांगलं माशाचं तेल मिळालं तर फारच उत्तम. याहून जास्त तेल घालू नका, मादीच्या पोटात चरबी साठते. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेनं खास प्रजनकांसाठी काढलेलं ‘सिफाब्रूड’ खाद्य मिळत असेल तर खुशाल वापरा, मग वरून तेल नको.

तेल कालवण्यात घाई करू नये. आधी पेंड-कोंडा कोरडाच एकत्र करा, तेल थोडं थोडं शिंपडत तळहातांनी चोळा, अर्धा तास मुरू द्या आणि मगच पाणी घालून गोळे वळा. गोळा टाकल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग आला तर तेल मुरलेलं नाही, माशाच्या पोटात जायचं ते वर तरंगतंय. माशांच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के खाद्य रोज टोपलीत ठेवून द्या, उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

सगळ्यात जास्त जपायचं ते खवटपणाला. ही ओमेगा-3 मेदाम्लंच सर्वांत लवकर खवट होतात आणि खवट तेल घालण्यापेक्षा न घातलेलं परवडलं. गिरणीतून आणलेला ताजा कोंडा उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत वास मारू लागतो. तो आठवड्यापुरताच आणा. तेल गडद डब्यात, काठोकाठ भरून, सावलीत ठेवा. पेंडीला बुरशी दिसली तर पोतं बाजूलाच काढा. तेलासोबत जीवनसत्त्व ई द्यायला विसरू नका, ते या मेदाम्लांना जपतं.

बलक संपल्यावर पिल्लाची भिस्त संगोपन तळ्यातल्या (जिरे वाढवायच्या तळ्यातल्या) प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर असते, आणि त्यांच्यातलं ओमेगा-3 हिरव्या शेवाळातून येतं. तेव्हा तळं आधीच तयार हवं: हेक्टरी 750 किलो शेंगदाणा पेंड, 200 किलो शेण, 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. यातलं निम्मं दाट कालवून जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी टाका, उरलेलं नंतर पाण्याचा रंग पाहून हप्त्याहप्त्यानं.