धंद्याची फिल्म आणि आपली फिल्म: लातुरात बाहेरून आलेल्यांसाठी

मी भालकीची. बिदर जिल्हा, कर्नाटक. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचं गाव तिकडे गेलं आणि लातूर इकडे आलं. कामासाठी मी लातूरला आले ती इथलीच झाले. क्लासच्या जाहिराती, डाळमिलच्या फिल्म, लग्नं, असं निर्मितीचं काम करते. सोबत माझी स्वतःची एक माहितीफिल्म चालू आहे, किल्लारी भागातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांवर. परगावाहून येऊन असं दुहेरी काम करायचं असेल, तर माझं सांगणं एवढंच आहे: आपल्या फिल्मला उरलासुरला वेळ आणि उरलासुरला पैसा देऊ नका. दोन्ही आधी बाजूला काढा, आणि ते कागदावर आणा.

सुरुवात वर्षापासून करा. लातूरचं वर्ष ठरलेलं असतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबते. दहावीचा निकाल, नीटची परीक्षा आणि तिचा निकाल हे सगळं मे-जूनमध्ये येतं. तेव्हा क्लासवाल्यांना कालच जाहिरात हवी असते. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर मार्केट यार्डात येते, डाळमिल जोरात चालतात. मिलची फिल्म तेव्हाच घ्यावी, कारण बंद यंत्रांवर कॅमेरा फिरवून काही मिळत नाही. कंपन्यांना खर्चाची तरतूद मार्चअखेर संपवायची असते. हे सगळं एका मोठ्या कागदावर मांडलं की आषाढ ते भाद्रपद मोकळा दिसतो. नवखा माणूस त्या महिन्यांना मंदी म्हणतो आणि पडेल भावात काम धरतो. धरू नका. ते महिने तुमच्या फिल्मचे आहेत.

पण आपला विषय आपल्या सोयीनं चालत नाही. माळवदावर पावसाआधी नवी पांढरी माती टाकतात, म्हणजे मे महिन्यात, नेमकं क्लासच्या गर्दीत. ते चित्रीकरण श्रावणात करता येत नाही. म्हणून मी गुढीपाडव्यालाच नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगून टाकते: मे महिन्यातला अमुक आठवडा मी नाही. महिनाभर आधी सांगितलं तर माणसं सांभाळून घेतात. आदल्या दिवशी सांगितलं तर चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबरच असतं. त्या आठवड्यासाठी सोबतच्या कॅमेरामनला जाहिरात सोपवून ठेवा, त्याचं मानधन आधी ठरवा, आणि गिऱ्हाइकाशी त्याची ओळख करून द्या. तो आपलं गिऱ्हाईक पळवील ही भीती सोडा. बाहेरून आलेल्या माणसाला इथे उभं राहायचं असेल तर सोबतीची चार माणसं कमवावीच लागतात.

आता कागद. इथे बरीचशी कामं तोंडी ठरतात, ‘ताई, बघून घेऊ’ म्हणत. बाहेरच्या माणसाला हे फार अवघड जातं, कारण त्याच्या बाजूनं शब्द टाकायला काका-मामा नसतात. म्हणून एक पानी का होईना, मराठीत करारपत्र करा. त्यात मालकीचं कलम हवंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एखाद्यानं मोबदला देऊन फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसताना तिचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून साफ लिहा: तयार फिल्म त्यांची, न वापरलेलं चित्रण तुमच्याकडे राहणार की नाही, आणि राहिलं तर त्याचं तुम्ही काय करू शकता. मिलमधल्या हमालांचे सुंदर शॉट मिळाले आणि ते आपल्या फिल्ममध्ये घ्यावेसे वाटले, तर मिलमालकाची लेखी परवानगी हवी आणि त्या हमालांचीही. सगळ्यात चांगलं म्हणजे गिऱ्हाइकाच्या दिवशी गिऱ्हाइकाचंच काम करावं आणि आपल्यासाठी वेगळ्या दिवशी, कॅमेऱ्यात वेगळं मेमरी कार्ड घालून जावं.

उलट दिशेनं तर कधीच जाऊ नका. आपल्या फिल्ममधल्या माणसाचा चेहरा, त्याचं अंगण, त्याचे अश्रू जाहिरातीला विकायचे नाहीत. पैशाची कितीही ओढ असली तरी.

पैसे अडकणं हे या धंद्याचं खरं दुखणं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सेवा दिली, तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत जायची गरज सहसा पडत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की हिशेबनीस ते बिल वर काढतो. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेल्यातली निम्मी पहिला कट, म्हणजे कच्चं संकलन दाखवल्यावर, बाकी अंतिम फाइल देण्याआधी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. तिथे चांगला सीए धरा.

आपल्या फिल्मसाठी वेगळं बँक खातं उघडा. मी प्रत्येक बिलातला दहावा हिस्सा पैसे आले त्याच दिवशी तिकडे वळवते. आणि टीडीएस, म्हणजे गिऱ्हाइकानं बिलातून आधीच कापलेला कर, जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरल्यावर जो परतावा येतो, तोही सगळा तिकडेच. त्या खात्याचं कार्ड मी घरी ठेवते. ज्यांच्यावर गावाकडे पैसे पाठवायची जबाबदारी आहे त्यांना दहावा हिस्सा जड जाईल. विसावा काढा, पण न चुकता काढा.

आता किल्लारीबद्दल, कारण याच ठिकाणी मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं माळवदाचं ओझं, दोन्ही अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. दर वर्षी त्या तारखेला कॅमेरे येतात, तेच प्रश्न विचारतात आणि संध्याकाळपर्यंत परततात. मी त्या तारखेला जात नाही. तुमचाही विषय असा एखाद्या तारखेला बांधलेला असेल तर ती तारीख सोडून जा. पहिल्या भेटींत कॅमेरा बाहेर काढू नका. पुनर्वसनातल्या सरळ गल्ल्यांमध्ये बायकांनी घरापुढे ओटा कुठे वाढवला, चूल कुठे मांडली, कोण अजून दगडी भिंतीला पाठ टेकत नाही, हे आधी नुसतं बघा.

एका आजीनं मला विचारलं होतं, “कुठली गं माय तू?” भालकीची म्हटल्यावर म्हणाल्या, “मग लांबची कुठं? आमची मावशी दिली होती की तिकडं.” पण सगळीकडे असं होत नाही. काही घरांत ‘तुला काय कळणार आमचं’ हेही ऐकावं लागतं. तेव्हा वाद घालू नये. आपण जे विचारतो ते परक्या माणसाचेच प्रश्न असतात, आणि कधीकधी घरच्यांनी एकमेकांना कधीच न विचारलेले असतात. माळवदाची माती कुठून आणायची, कोण तुडवायचं, बायकांच्या वाट्याला त्यातलं कुठलं काम यायचं, हे मी विचारलं तेव्हा सुनाही ऐकायला येऊन बसल्या. संमती मराठीत लिहून मोठ्यानं वाचून दाखवा. लिहिता न येणाऱ्यांची कॅमेऱ्यावर घ्या. पुढे कुणी ‘माझं काढून टाक’ म्हटलं तर काढायचं, हे त्यातच लिहा.

तंत्राचं थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. नाहीतर ट्यूबलाइट चित्रात लुकलुकते. चांगल्या लेन्सआधी चांगला कॉलर माइक घ्या. चित्रण तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. अजिंठा-वेरूळला कामाचं चित्रीकरण करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे तारखा देण्यापूर्वी बघा.

फिल्म पूर्ण झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका. काही महोत्सवांना आधी कुठेही न दाखवलेलीच फिल्म लागते, त्यामुळे नियम वाचून घ्या. माहितीफिल्मसाठी मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव आहे. पण त्याआधी ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती दाखवा, समाजमंदिरात, प्रोजेक्टर लावून. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा: प्रोजेक्टरचं भाडं, स्पीकर, जनरेटर, चहा. आणि त्या रात्रीपासून पुढच्या महिनाभराच्या संकलनाचेही पैसे राखून ठेवा, कारण बघून झाल्यावर लोक दुरुस्त्या सांगणारच.