आयर्विन पुलाआधीची वाट कशी शोधावी

सांगलीहून कृष्णेपलीकडच्या सांगलीवाडीला पायीच जा, उन्हाळ्यात, सकाळी लवकर. लगेच पुलावर चढू नका. आधी सरकारी घाटावर उतरा. पूल १९२९चा. त्याआधी भरल्या कृष्णेत नावच. माझी पणजी सांगलीवाडीची. माहेरी जाताना लुगडं वर खोचून नावेत चढायची, हे आजीनं मला इथेच पायरीवर बसून सांगितलं.

मग पुलाजवळच्या पाणीपातळीच्या खुणा वाचा: ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, आणि २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं होतं. तेवढ्या उंचीकडे मान वर करून बघाच.

पलीकडे गेल्यावर म्हाताऱ्यांना ‘इतिहास सांगा’ म्हणू नका, गप्प होतात. ‘तुमच्या आजीचं वऱ्हाड नदी कसं उतरलं?’ असं विचारा. आणि घाई करू नका, चहा होऊ द्या.