द्राक्षबागेसाठी जुना छोटा ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

फळछाटणी होऊन बाग पोंग्यात (कोवळी फूट निघायच्या अवस्थेत) आलेली असते आणि नेमका रात्री पाऊस होतो. सकाळी उघडीप मिळताच ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारा फवारणीचा पंखा) बागेत शिरला पाहिजे, कारण डाउनी हा बुरशीचा रोग एकदा घडात गेला की मग औषधांची बिलंच मोजायची. अशा सकाळी सेल्फ (स्टार्टर) नुसता 'टक' करून गप्प बसला, तर ट्रॅक्टर घेताना वाचवलेले वीस-तीस हजार त्याच आठवड्यात जातात. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ या पट्ट्यात जुना छोटा ट्रॅक्टर घेणाऱ्यानं सगळ्यात आधी एकच बघावं: हा गडी त्या सकाळी चालू होणार का? मॉडेल, रंग, टपावरचा डेक हे सगळं नंतर.

आधीचं काम न विचारणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. लोक 'किती सालचा आहे' हे विचारतात, 'काय काम केलंय' हे विचारत नाहीत. आठ वर्षं फक्त बागेत ब्लोअर आणि रोटर (रोटाव्हेटर) चालवलेला ट्रॅक्टर आणि चार वर्षं कारखान्याला ऊस ओढलेला ट्रॅक्टर, यांत पहिला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे कृष्णाकाठी छोटे ट्रॅक्टरही गाडीला जुंपून उसाच्या वाहतुकीला लावतात. पंधरा-वीस एचपीच्या इंजिनामागं क्षमतेबाहेरचा माल लावून चढ चढवला की क्लच, गिअर, मागचे एक्सल आणि ब्रेक सगळ्यांचंच आयुष्य घटतं. आणि ते बाहेरून दिसत नाही.

दिसतं ते हुकाजवळ. ट्रॉली जोडायच्या पिनेचं भोक बघा. गोल असेल तर ठीक. लांबट, अंड्यासारखं झालेलं असेल, आजूबाजूला वेल्डिंगचे थर असतील, तर मालकानं कितीही शपथा घेतल्या तरी त्या ट्रॅक्टरनं ओढकाम केलेलं आहे. तसंच पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ब्लोअर-रोटरला इंजिनाची ताकद देणाऱ्या मागच्या दांड्याचं. टोपण काढून कापडानं ग्रीस पुसा आणि खाचांच्या कडेवरून बोट फिरवा. चांगल्या शाफ्टच्या कडा सरळ आणि धारदार लागतात. झिजलेल्या शाफ्टवर एका बाजूला पायरी पडलेली बोटाला कळते. थोडी झीज चालते, पण पायरी खोल असेल तर ब्लोअरचा जॉइंट त्यावर खडखडत राहणार.

तासांच्या मीटरवर फार विसंबू नका. जुन्या यांत्रिक मीटरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात, केबल तुटली की मीटर थांबतं, आणि अख्खं मीटरच बदललेले ट्रॅक्टरही कमी नाहीत. त्यापेक्षा क्लचच्या पायडलचं रबर, सीटचं फोम आणि स्टिअरिंगवर हाताची जागा किती गुळगुळीत झालीय ते बघा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रॅक्टर २०१९ चा आणि मागचे टायर २०२२ चे असतील, तर तीन वर्षांत टायर का संपले हे जरूर विचारा. बागेत हलकं काम करणाऱ्याचे टायर इतक्या लवकर जात नाहीत.

तापलेलं इंजिन बघायला जाणं

विकणारा हुशार असेल तर तुम्ही पोचायच्या आधी पंधरा मिनिटं ट्रॅक्टर चालवून ठेवतो. म्हणून गेल्या गेल्या चहाला बसू नका, आधी रेडिएटरवर आणि इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नका. उतारावर उभा करून ठेवलेला ट्रॅक्टर दिसला तरी सावध व्हा. बॅटरी किंवा सेल्फ गेलेला असला की लोक उतार शोधतात.

थंड इंजिन चालू करताना तीन गोष्टी बघायच्या. किती फिरवल्यावर धरतं, धूर कसला येतो आणि ऑइलच्या झाकणातून काय येतं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन गेला तर काळजी नाही, डिसेंबरच्या पहाटे चांगलं इंजिनही तो देतं. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोड दिल्यावर काळा धूर आला तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा डिझेल जास्त जातंय, आणि यातलं पहिलं असेल तर स्वस्तात सुटतं. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून भकाभका वाफ आणि धूर उसळत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडर) गेलेत, 'हाफ इंजिन'चं काम समोर उभं आहे असं समजा.

डिपस्टिक काढा. काळं ऑइल हा दोष नाही, डिझेल इंजिनात ते लगेच काळं होतं. ताकासारखं पांढरट दिसलं तर मात्र पाणी मिसळलंय, तिथूनच परत फिरा. उलट अगदी सोन्यासारखं नवं ऑइल असेल तर 'काल का बदललं?' हे विचारायला हरकत नाही.

'इंजिन नुकतंच बांधलंय' हे वाक्य ऐकून खूश होणारे बरेच असतात. कुणी बांधलं, काय काय बदललं, पार्टची बिलं कुठे आहेत? बिल नसेल तर बांधणी झालीच नाही असं धरून किंमत बोला.

लिफ्ट आणि क्लच न तपासता सौदा करणं

ब्लोअरची टाकी ४०० लिटरची असेल तर नुसतं पाणीच ४०० किलो होतं. ते उचलून ओळीच्या टोकाला वळताना लिफ्ट खाली बसली तर काम संपलं. म्हणून रिकाम्या लिफ्टचं वर-खाली करून दाखवलेलं मान्य करू नका. विकणाऱ्याचाच रोटर किंवा नांगर जोडायला लावा, पूर्ण उचला, आणि इंजिन चालू ठेवून थोडा वेळ नुसतं बघत राहा. अवजार दर काही सेकंदांनी किंचित खाली जाऊन परत वर येत असेल, मान हलवल्यासारखं, तर आत कुठेतरी तेल गळतंय; सील, पिस्टन नाहीतर व्हॉल्व्ह. इंजिन बंद केल्यावर अगदी हळू खाली येणं चालतं, धपकन येणं नाही.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागेत, पुढे कुणी नसताना, दोन्ही ब्रेक जोडून दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घरघरत चालूच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. डबल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर पीटीओचाही क्लच वेगळा तपासा, बागेत जास्त वापर त्याचाच.

ब्रेकचं एक खास आपल्या भागातलं. अरुंद टोकाला वळताना एका बाजूचा ब्रेक दाबून वळायची सवय असते, आणि बागेची रचना अशी असते की एकच बाजू जास्त वापरली जाते. मग रस्त्यावर दोन्ही पायडल जोडून ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. डांबरी रस्त्यावर जाऊन हे बघाच. सेटिंगनं सुटलं तर उत्तम, नाहीतर ब्रेकच्या प्लेटा किमतीतून वजा करा.

फोर बाय फोर घेणार असाल तर पुढच्या-मागच्या टायरची साइज कंपनीनं दिलेलीच आहे ना, हे पुस्तिकेवरून ताडून बघा. पुढे भलत्याच साइजचे टायर चढवले की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ताण गिअरबॉक्सवर येतो. हे पुष्कळ जण सोडून देतात.

बोजा न बघता पैसे देणं

कागद नंतर करू, हे गाववाल्यांच्या व्यवहारात नेहमी ऐकू येतं. ट्रॅक्टर पै-पाहुण्यांचा असला तर जास्तच. तरीही आरसीवर बँकेचा, पतसंस्थेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, ते बघा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बरंच कळतं. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याची सही २९ वरही लागते आणि ३० वरही, ती पैसे देतानाच घ्या, नंतर 'भाऊ पुण्याला गेलाय' हे उत्तर तयार असतं.

एमएच-१० म्हणजे सांगली, एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, यांत फारसा त्रास नाही. जत किंवा मिरजेच्या बाजूला केए-२३, केए-२८ चे ट्रॅक्टर स्वस्तात सांगितले जातात. स्वस्त असतात ते उगीच नाही: कर्नाटकच्या आरटीओची एनओसी, इथला कर, पुन्हा नोंदणी, एवढं सगळं धरून हिशेब करा. चेसिस नंबर स्वतः घासून, पुसून आरसीशी जुळवा. आणि अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर असेल तर तो ठरावीक मुदतीत विकायला बंदी असू शकते, तालुका कृषी कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

सगळे पैसे खरेदीतच घालणं

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, टायर आणि बऱ्याच पार्टवरचा १८ वरून ५ वर. नवा स्वस्त झाला म्हणजे जुन्याचा भावही उतरायला हवा. विकणारा अजून जुन्या हिशेबानं बोलत असेल तर शोरूमचं कोटेशन खिशात घेऊन जा. वादाची गरज पडत नाही.

हातातल्या पाच रुपयांतला एक मागे ठेवाच. तो पहिल्या महिन्यात लागतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, सगळे फिल्टर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज पाइप आणि बॅटरी. विकणारा 'परवाच सर्व्हिस केलीय' म्हणाला तरी हे सगळं नवं घाला, म्हणजे पुढचा हिशेब तुमच्या तारखेपासून सुरू होतो.

कंपनी कुठली घ्यावी? महिंद्रा, स्वराज, व्हीएसटी, कुबोटा, जॉन डिअर, सोनालिका, सगळ्यांचे छोटे ट्रॅक्टर बागांत फिरताना दिसतात. माझा सल्ला कंपनीपेक्षा मिस्त्रीचा आहे. तुमच्या गावापासून तासाभरात येणारा मिस्त्री कुठल्या इंजिनावर हात बसलेला आहे आणि त्याचा डिझेल फिल्टर तासगावात किंवा मिरजेत शनिवारी संध्याकाळी मिळतो का, यावर ठरवा.

घेतल्यावर होणाऱ्या चुका

बागेतला ट्रॅक्टर औषधानं मरतो, कामानं नाही. गंधक, बोर्डो, मॅन्कोझेब यांचा तुषार ब्लोअरमागून उडून ट्रॅक्टरवरच बसतो. रेडिएटरच्या जाळीत डोकावून बघा: धूळ, औषध आणि पानांचा चुरा मिळून निळसर-पांढरी खपली धरलेली असते, वारा जायला जागाच नसते. मग दुपारी काटा लाल रेघेकडे सरकतो आणि लोक पाण्याचा पंप बदलत बसतात. आधी जाळी धुवा. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं, आणि धार जोराची नको, नाहीतर पाती वाकतात. फवारणी संपली की त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवर साधं पाणी मारा. बॅटरीची टोकं, सेल्फच्या वायरी आणि अर्थिंगची पट्टी यांना व्हॅसलीन लावा.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतणं हीही जुनी खोड. जत, कवठे महांकाळकडच्या जड पाण्यानं आत क्षार बसतात. कूलंट घाला, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

सेल्फ टक-टक करतोय पण फिरत नाही, तर बॅटरीवर पैसे खर्च करण्याआधी टोकं सोडवून घासा आणि मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. सेल्फ मारताना आकडा दहाच्याही खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली. व्होल्ट टिकूनही फिरत नसेल तर दोष वायरीत, सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये.

फिरतोय पण धरत नाही, तर बहुधा डिझेल लाइनमध्ये हवा शिरलीय, विशेषतः फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर. फिल्टरवरचा ब्लीडचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. फेस आणि बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की पंप मारतच स्क्रू आवळा. थंडीत धरत नसेल आणि इंजिनाला हीटर प्लग असतील तर ते जळलेत का ते मिस्त्रीकडून बघून घ्या.

एअर फिल्टर ऑइलच्या वाटीचा असेल तर खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि बेभान पळतं. कागदी फिल्टर चाकावर आपटून झाडू नका, कागद फाटतो आणि मग सगळी धूळ थेट बोअरमध्ये.

पीटीओ ५४० च्या वर फिरवून ब्लोअरचा वारा वाढवायचा मोहही टाळा. जॉइंट आणि ब्लोअरचा गिअरबॉक्स तापतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलेलं असेल तर नवं बसवा, धोतराचा सोगा किंवा टॉवेल गुंतायला क्षणही लागत नाही.

जून-जुलैत ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो. डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. बॅटरीची एक वायर काढा. दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, म्हणून पायडल दाबून आकडा अडकवा किंवा लाकडाची खुंटी लावा. आणि ट्रॅक्टर बेदाण्याच्या शेडमध्ये लावणार असाल तर बॉनेट उघडून वायरी अधूनमधून बघत जा, उंदीर बेदाण्यावर येतात आणि वायरींवर थांबतात.