आईचा फ्रीज आणि माझी वर्गणी

गिरगावच्या घरी आईचा फ्रीज बंद पडला. तिनं फोनवर सर्व्हिसचा नंबर शोधला आणि सगळ्यात वरचा लावला. समोरचा गोड बोलत बोलत ओटीपी मागायला लागला, तेव्हा तिनं फोन आपटला. नशीब! वरचा तो नंबर म्हणजे जाहिरात होती. तसं लिहिलंही होतं, पण इतकं बारीक की मलाही चष्मा लावावा लागला.

मग मी कागी (Kagi) नावाचं सर्च इंजिन घेतलं. तिथे जाहिराती नाहीत, सगळं वर्गणीवर चालतं. पहिले १०० शोध फुकट. पुढे महिन्याला ५ डॉलरमध्ये ३००, १० डॉलरमध्ये हवे तेवढे. मी ५वालं घेतलं. ३०० म्हणजे दिवसाला दहाच, पण पुरतात. खरी गंमत निकालाशेजारच्या ढालीच्या चिन्हात आहे. ते दाबून नको ती साइट आपल्या निकालांतून कायमची बंद करता येते, आवडती वर आणता येते. पहिल्या आठवड्यात मी सूडच उगवला.

आयफोनच्या सफारीत मात्र त्यांचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकावं लागलं. आईच्या फोनवरही तेच केलं. फ्रीजचा नंबर? तो वॉरंटी कार्डावर होता.